ड्रायपोर्ट येईल; पेठेचे काय?

सिंदी (रेल्वे) हे नाव गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांच्या स्तंभांतून जितक्या वेळा झळकले, तितके त्यापूर्वीच्या अर्धशतकातही झळकले नसावे. २०१७ साली तेथे ड्रायपोर्टचा कोनशिला समारंभ झाला. जवाहरलाल नेहरू बंदराने सुमारे साडेतीनशे एकर जागेवर हे अंतर्देशीय बंदर उभारावयाचे, असा तो संकल्प होता. पुढे त्याच संकल्पाला ‘मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्क’ असे अधिक भारदस्त नाव मिळाले, करार झाले, आणि सुमारे दीडशे एकरांचा व ६७३ कोटी रुपयांचा आराखडा लोकांसमोर आला. प्रत्येक वेळी एकर आले, कोटी आले, कंटेनर आले, महामार्ग आले. या सर्व वर्णनांत एकच गोष्ट राहून गेली; ती म्हणजे सिंदी हे गाव.

आम्ही या प्रकल्पाचे विरोधक नाही. विदर्भाचा कापूस, सोयाबीन, संत्री आणि येथील कारखान्यांचा माल मुंबईच्या धक्क्यावर जाऊन खोळंबण्यापेक्षा त्याची तपासणी, सीमाशुल्काची कागदपत्रे व मोहोरबंदी येथेच व्हावी, हा विचार शहाणपणाचा आहे. भारताच्या मध्यावर, मुंबई-हावडा लोहमार्गालगत, दोन मोठ्या रस्त्यांच्या जवळ अशी जागा सापडणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु या प्रकल्पाबरोबर सिंदीचे भाग्य आपोआप उजळेल, असे जे गृहीत धरले जात आहे, ते आम्हांस मान्य नाही. २०११ च्या जनगणनेत तेरा-चौदा हजारांच्या घरात लोकसंख्या असलेले, नगरपरिषद असलेले, स्वतःची बाजारपेठ असलेले हे एक जुने गाव आहे. त्या गावाच्या सीमेवर गोदामांची रांग उभी राहिली म्हणजे त्याच्या मध्यभागातील दुकानांचे दरवाजे पूर्ववत खुलतील, दवाखान्यात डॉक्टर येईल आणि वाचनालयात दिवा लागेल, हा तर्क कोठेतरी तुटतो. तो कोठे तुटतो, हे पाहिले पाहिजे.

सिंदी हे रेल्वेने घडविलेले गाव आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली. त्यापूर्वी पाचच वर्षे, १८६२ साली, वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला होता. रेल्वे आली ती प्रामुख्याने कापसासाठी. बंडीत भरून येणारा कापूस सरकी काढून, गाठी बांधून मुंबईकडे रवाना करावयाचा, आणि उलट दिशेने कापड, मीठ, लोखंड, रॉकेल उतरवून घ्यावयाचे, या व्यवहारावर वऱ्हाड-नागपूरच्या मार्गावरील कितीतरी स्टेशनांच्या दारी पेठा वसल्या. नकाशावर रुळांची रेघ दाखवून तिच्यावर मण्यांसारखी ओवलेली गावे मुलांकडून पाठ करून घेण्यात आमच्या मास्तरकीची काही वर्षे गेली. बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, तुळजापूर, सेलू रोड हा क्रम आजही जिभेवर आहे. त्या मण्यांपैकी सिंदीने तर रेल्वे आपल्या नावातच घेतली. तेही गरजेपोटी. वर्ध्याला लागून दुसरी एक सिंदी आहे, मेघ्यांची. १९३५ साली गांधीजींचे सहकारी मगनवाडीहून सकाळी ज्या सिंदीत सफाई करावयास जात आणि जेथे मीराबेन जाऊन राहिल्या, ती ही दुसरी सिंदी. इतिहासाने तिची नोंद घेतली. आमची सिंदी रेल्वेवरच ओळखली गेली.

ज्या गावाचे नावच रेल्वेवरून पडले, त्या गावाला रेल्वेशिवाय दुसरा आधार निर्माण करून देण्याची तसदी पुढे कोणी घेतली नाही. नागपूर-वर्धा रस्ता बुटीबोरी, केळझर, सेलू असा गेला. सिंदी त्याच्या एका अंगाला राहिली. रस्त्यावरून बस सुरू झाल्या, मग ट्रक आले, मग मोटारसायकली आल्या; आणि रस्त्याकाठच्या गावाचे महत्त्व रुळाकाठच्या गावापेक्षा वाढले. तालुक्याचे ठिकाण सेलू झाले. कागदपत्रासाठी, दाखल्यासाठी, कोर्टकचेरीसाठी माणूस जिकडे जातो, तिकडेच तो चहा पितो, तिकडेच चप्पल दुरुस्त करतो आणि येताना मुलासाठी पेन घेऊन येतो. बाजारभावाच्या रोजच्या तक्त्यात कापसाच्या दरासमोर आजही ‘सिंदी (सेलू)’ असे लिहिलेले असते. बाजार समितीला नाव सिंदीचे, कंसात सेलू! एका गावाच्या व्यापाराचा शंभर वर्षांचा इतिहास त्या कंसात मावला आहे, असे म्हटले तरी चालेल.

समृद्धी महामार्गाचीही तीच कथा. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये व संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. तो याच तालुक्यातून जातो. परंतु ठरावीक जागीच चढउतार असलेला तो द्रुतगती मार्ग आहे. वाटेतल्या गावासाठी थांबणे हा त्याचा धर्मच नव्हे.

राहिली होती ती रेल्वे. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. त्यात दोष कोणाचा नव्हता. परंतु पुढे गाड्या सुरू झाल्या त्या पूर्वीच्या राहिल्या नाहीत. देशातील अनेक लहान स्थानकांचे थांबे नव्या वेळापत्रकात गळाले. मासिक पास दीर्घकाळ बंद राहिले. साध्या पॅसेंजर गाड्यांना ‘स्पेशल’ म्हणून किमान भाडे दहाऐवजी तीस रुपये आकारले गेले, आणि ते पुन्हा दहावर यावयास फेब्रुवारी २०२४ उजाडला. मुंबई-नागपूर प्रवास करणाऱ्या आमच्या वाचकाला वीस रुपयांचा हा फरक जाणवलाही नसेल. परंतु दोन स्टेशने ओलांडून भाजी विकावयास जाणारी बाई, महाविद्यालयात जाणारी मुलगी, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात दर पंधरवड्याला जाणारा रुग्ण, यांच्या दृष्टीने ती तिप्पट वाढ होती. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत, एस.टी.चा संप झाला. रेल्वे महाग, बस बंद, अशा त्या महिन्यांत ज्याने कर्ज काढून मोटारसायकल घेतली, तो पुन्हा स्टेशनावर येईल अशी आशा रेल्वेने कशाच्या बळावर करावी?

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. गाडी थांबली म्हणजे गावचा माणूस नागपूरला जाऊन खरेदी करतो. मग थांबा पेठेला तारतो की बुडवितो? मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली, तेव्हा अनेक लहान गावांतील दुकानदारांनी हीच तक्रार केली. आमचे उत्तर असे, की सिंदीच्या स्टेशनावर केवळ सिंदीकर चढत नाही. भोवतालच्या खेड्यांतील माणूस गाडी पकडण्यासाठी तेथे येतो. त्याची सायकल कोठेतरी ठेवली जाते, गाडीला उशीर असतो, परतताना अंधार पडलेला असतो आणि घरी तेल संपलेले असते. लग्नाचा शालू तो नागपूरहूनच आणील. त्याबद्दल रडत बसण्यात अर्थ नाही. परंतु तेल, बी-बियाणे, औषधाची गोळी, वही, पंक्चर, केस कापणे या गोष्टी वाटेवर होतात. वाटच दुसरीकडे वळली, की त्याही जातात. इंटरनेटवरून घरपोच माल मागविण्याच्या दिवसांत पेठेकडे उरले आहे ते हेच, आणि ते थोडे नाही.

येथपर्यंत जे लिहिले ते महाराष्ट्रातील शेकडो लहान गावांना लागू आहे. परंतु या दुखण्याचे एक मूळ असे आहे, की ज्याची चर्चा क्वचितच होते. ते मूळ म्हणजे नगरपरिषदेची तिजोरी आणि गावचा बाजार यांची झालेली ताटातूट.

एके काळी जकात होती. जकातीचे आम्ही समर्थन करीत नाही. नाक्यावरची अडवणूक, चिरीमिरी, मालाचा खोळंबा हे सारे खरे होते. १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात गेली, तेव्हा व्यापाऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि तो योग्यच होता. तथापि जकातीत एक गुण दडलेला होता. बाजारात माल आला, तर नगरपरिषदेला पैसा मिळे. बाजार बसला, तर नगरपरिषद उपाशी राही. त्यामुळे बाजाराचा रस्ता, दिवा, पाणी यांकडे पाहणे हा नगराध्यक्षांचा परोपकार नव्हता, तो त्यांचा स्वार्थ होता. जकातीच्या जागी सरकारी अनुदान आले. ते बाजार भरला तरी येते, ओस पडला तरी येते. पेठेतील पन्नास दुकाने बंद झाली, तरी नगरपरिषदेच्या जमाखर्चात त्याची कळ उठत नाही. गावच्या मध्यभागाबद्दल आज जी उदासीनता दिसते, तिचे खापर केवळ माणसांच्या आळसावर फोडणे म्हणूनच अन्यायाचे आहे. व्यवस्थेनेच त्यांना उदासीन राहण्याची मुभा दिली आहे.

अनुदानाचे रूपही पाहण्यासारखे आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांना जो पैसा ठरविला, त्यातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांना बांधलेली होती. हेतू उत्तम, परंतु पेठेतील पदपथ, बाजाराची शेड, वाचनालयाची दुरुस्ती यांना उरणारा वाटा त्यामुळे आकुंचित झाला. घरपट्टी हा दुसरा मार्ग. तेथे सिंदीसारख्या गावाची आणखी एक अडचण आहे. संविधानाच्या २८५ व्या अनुच्छेदाने केंद्र सरकारच्या मालमत्तेवर स्थानिक कर बसत नाही. म्हणजे गावच्या मधोमध पसरलेली रेल्वेची जागा करमुक्त. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर जी व्यवस्था ठरली, तीनुसार केंद्राच्या मालमत्तेने नगरपालिकेच्या सेवांचा लाभ किती घेतला हे पाहून घरपट्टीच्या एक-तृतीयांशापासून पाऊण हिश्श्यापर्यंत सेवाशुल्क द्यावयाचे आहे. हा हक्क आहे, भिक्षा नव्हे. परंतु हक्क वसूल करावयास मागणी करावी लागते, मोजणी करावी लागते, पत्रव्यवहार लावून धरावा लागतो. आणि क वर्ग नगरपरिषदेत त्यासाठी माणूस कोठे असतो?

आता ड्रायपोर्टकडे पुन्हा वळू. नगरपरिषदेची हद्द जेथे संपते, त्याच्या एक हात पलीकडे उभ्या राहिलेल्या गोदामाची घरपट्टी नगरपरिषदेला मिळत नाही. ट्रकची धूळ मात्र हद्द पाळीत नाही. कामासाठी आलेले मजूर गावात खोली भाड्याने घेतील, गावचे पाणी पितील, गावच्या दवाखान्यात रांग लावतील. भार गावावर आणि उत्पन्न इतरत्र, असे होऊ शकते. ही केवळ कल्पना नाही. सिंदीपासून नागपूरकडे दुसरे स्टेशन बुटीबोरीचे. तेथे विदर्भातील सर्वांत मोठी औद्योगिक वसाहत आहे. तेथील बरेचसे अधिकारी व कर्मचारी आजही रोज सकाळी नागपुराहून बसने येतात आणि संध्याकाळी नागपुरास परततात. त्यांची मुले नागपूरच्या शाळेत, त्यांची खरेदी नागपूरच्या दुकानात. आमच्या वाचकांपैकीही कित्येक त्या बसमध्ये बसत असतील. त्यांना आम्ही दोष देत नाही. जेथे चांगली शाळा, विश्वासाचा डॉक्टर, संध्याकाळी फिरावयास जागा नाही, तेथे पगारदार माणूस बिऱ्हाड करीत नाही. कारखान्याने गाव होत नाही, गाव असेल तर कारखान्यातला माणूस तेथे राहतो.

परदेशांनी हा धडा पैसे मोजून घेतला आहे. इंग्लंडात १९६३ साली बीचिंग यांच्या अहवालाने तोट्याच्या नावाखाली २,३६३ स्टेशने बंद करण्याची शिफारस केली. त्यांतील पुष्कळ बंद झाली आणि त्यांच्या आधाराने जगणारी बाजारगावे सुकली. ओकहॅम्प्टन या अशाच एका गावाची १९७२ मध्ये थांबलेली नियमित गाडी पुन्हा सुरू व्हावयास नोव्हेंबर २०२१ उजाडला. अमेरिकेत १९७७ साली गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन लहान गावांच्या मुख्य रस्त्यांवर एक प्रयोग झाला. गावच्या पेठेसाठी पूर्णवेळ पगारी माणूस नेमावयाचा. दुकानदारांना एकत्र आणणे, जुन्या इमारतींची डागडुजी, रिकाम्या गाळ्यांना भाडेकरू मिळविणे, वर्षातले सणसमारंभ ठरविणे हे त्याचे काम. मोठा प्रकल्प एकही नाही. तो प्रयोग पुढे देशभर पसरला. यातील कोणतीही गोष्ट जशीच्या तशी सिंदीत आणावी असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडील पेठ म्हणजे निराळे प्रकरण आहे. परंतु पेठेची काळजी घेणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असले पाहिजे, हा मुद्दा येथेही लागू पडतो.

हे काम दुकानदारांवर सोडून भागणार नाही. त्यांचेही दोष आहेत. स्वतःच्या दुकानाचा माल गटारावर मांडावयाचा आणि हातगाडीवाल्याच्या अतिक्रमणाविरुद्ध निवेदन द्यावयाचे, हा आपल्या प्रत्येक गावच्या व्यापारी मंडळींचा खाक्या आहे. वस्तुतः पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली कायदा झाला. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे ४० टक्के प्रतिनिधी असावेत, असे तो सांगतो. भाजीवाली, फुलवाली, भज्यांचा ठेला यांच्यामुळेच पेठेत पावले पडतात. त्यांना हाकलून जो रस्ता रुंद होतो, त्यावरून गिऱ्हाईकही भरधाव निघून जाते.

आणि सार्वजनिक सेवा? त्यांची जागा कोणती, हा प्रश्न आम्हांस सर्वांत निकडीचा वाटतो. नवी इमारत बांधावयाची झाली की गावाबाहेर स्वस्त जागा पाहावयाची, ही आपल्या कारभाराची रूढ पद्धत. पोस्ट, बँक, दवाखाना, नगरपरिषद, वाचनालय एकेक करून गावकुसाबाहेर गेले, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पेन्शन काढून औषध घ्यावयास दोन वेळा ऑटो करावा लागतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी वाचनालये टिकली. २०२२ मध्ये त्यांच्या अनुदानात ६० टक्के वाढही मंजूर झाली. परंतु वाचनालय पेठेत, चौकाशी, संध्याकाळी उघडे असेल, तरच स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा आणि निवृत्त शिक्षक तेथे एका टेबलाशी बसतात. सहकारी बँकेची गोष्ट तर वर्धा जिल्ह्याने भोगलीच आहे. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने नागपूर व बुलढाण्याबरोबर वर्धा जिल्हा बँकेलाही परवाना नाकारला, तेव्हा खेड्यापाड्यांतील ठेवी अडकल्या. गावचा पैसा गावात फिरेनासा झाला, की पेठेत काय होते, हे जिल्ह्यातील लहान दुकानदाराला वेगळे सांगावयास नको.

सिंदीचा मध्यभाग मेलेला नाही, याचा पुरावा दरवर्षी एक दिवस मिळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात, आणि सिंदीत तान्हा पोळा भरतो. शंभराहून अधिक वर्षांची ही परंपरा. पोरांच्या हातातल्या वीतभर लाकडी बैलापासून, अनेकांनी मिळून ओढावयाच्या प्रचंड नंदीपर्यंत सारे त्या दिवशी रस्त्यावर येतात. नागपूर-वर्ध्याहून लोक पाहावयास जातात. सुताराची कला, शेतकऱ्याचा सण, मुलांचा आनंद आणि व्यापाऱ्याचा गल्ला हे सर्व एका जागी भेटतात. त्या एका दिवसासाठी सरकारने काही मोठे बांधले नव्हते. लोकांना येण्याचे कारण होते आणि जमावयास जागा होती, एवढेच. सुतारांच्या या लाकडी बैलांना वर्षभर विक्रीचे ठिकाण, आणि त्या दिवशी जादा गाडीला थांबा, एवढ्या साध्या गोष्टी तरी अशक्य नसाव्यात.

महाराष्ट्रातील नगरपरिषदांवर प्रशासकांचे राज्य वर्षानुवर्षे चालले. आरक्षणाच्या खटल्यांत अडकलेल्या निवडणुका सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या आदेशानंतर मार्गी लागल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये पार पडल्या. लोकनियुक्त सभागृहांपुढे आता पाच वर्षे आहेत. सिंदीच्या नगरसेवकांना निधी आणावयास मुंबईच्या वाऱ्या कराव्या लागतील, त्या त्यांनी कराव्यात. परंतु ड्रायपोर्टच्या उत्पन्नात नगरपरिषदेचा वाटा कोणता, हा प्रश्न गोदामे पूर्ण उभी राहण्यापूर्वी राज्य सरकारला विचारला पाहिजे. नंतर तो कोणी ऐकणार नाही. हद्दवाढ करून असो, सेवाशुल्क ठरवून असो, प्रकल्पाच्या सामाजिक निधीतून असो, त्याचे उत्तर लेखी मिळाले पाहिजे. मध्य रेल्वेच्या नागपूर विभागीय व्यवस्थापकांकडे सकाळच्या व संध्याकाळच्या गाड्यांच्या थांब्याबद्दल निवेदन जाईल, तेव्हा त्याला महिनाभर स्टेशनावर उभे राहून केलेली प्रवाशांची मोजणी जोडली पाहिजे. नुसत्या सह्यांच्या कागदाला रेल्वेत किती वजन असते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच कार्यालयाकडे रेल्वेच्या जागेच्या सेवाशुल्काचे मागणीपत्रही जावे. आणि स्टेशनापासून बाजारापर्यंतच्या रस्त्याचा एक नकाशा करावा, ज्यावर प्रत्येक बंद गाळा, प्रत्येक विझलेला दिवा, स्त्रियांसाठी नसलेले प्रत्येक स्वच्छतागृह आणि हातगाडीची प्रत्येक जागा दाखविलेली असेल. शाळेतील वरच्या वर्गातली मुले भूगोलाच्या तासाला तो पंधरा दिवसांत काढून देतील. पुढचा तान्हा पोळा भरण्यापूर्वी तो नकाशा नगरपरिषदेच्या सभागृहात लागला, तर अर्थसंकल्पाच्या सभेत नगरसेवकांना त्याच्याकडे पाहून बोलावे लागेल.